भाड्याचा अंगरखा

त्र्याण्णव साली सापगावच्या ऐतिहासिक नाटकात माझा हरेश सरदार झाला होता. भाड्याने आणलेल्या अंगरख्याची किनार विरली होती, म्हणून आईने शिकवलेला जरीचा गोफ मी पायाच्या अंगठ्याला दोरे बांधून विणला आणि किनारीला शिवला. दुसऱ्या दिवशी अंगरखा टेंपोतून परत गेला, गोफासकट.

दहा वर्षांनी सून अनिता म्हणाली, "आत्याबाई, तो गोफ मला पण शिकवा की." दोरे घेऊन बसले, तर वीण काही केल्या आठवेना. विचारायला आई राहिली नव्हती. मग तो अंगरखा कुणाच्या तरी अंगावर दिसेल म्हणून तालुक्यात कुठेही ऐतिहासिक नाटक लागलं की मी अनिताला घेऊन निघायचे. हरेश हसायचा, "आये, या वयात नाटकाचं येड लागलं गो तुला!"

शेवटी वैशाखरे गावच्या नाटकात माझा गोफ दिसला, फितूर सरदाराच्या अंगावर. मी पुढे सरकून कुठला पेड कशावरून जातो ते बघू लागले. तेवढ्यात नायकाने तलवार उपसली आणि अख्खा गाव ओरडला, "मार त्याला!"



मी उभी राहिले. "अरे थांब रे बाबा, एवढ्यात नको मारू! माझे दोन पेड समजायचे राहिलेत!"