दारासमोरची फळी

नंदुरबारात मिरची वाळवायच्या मैदानाला सगळेच पथारी म्हणतात, म्हणून आईने आपल्या घरच्या तिखटालाही तेच नाव दिलं. आता एका मोठ्या मसाला कंपनीची नोटीस आली: हे नाव आमचं, विक्री बंद करा. वकीलबाई म्हणाल्या, "आपणही स्पर्धा आयोगाकडे तक्रार करू. तुमचं तिखट ठेवणाऱ्या दुकानांना ही कंपनी माल देणं बंद करते, ही दादागिरीच झाली. फक्त एका दुकानदाराने तसं लिहून द्यायला हवं."

मी म्हटलं, हात्तिच्या, चुटकीसरशी आणते! पण अख्ख्या बाजारात कुणी पेन हातात घेईना. शेवटी उरले हेमकांतमामा, आईचे सख्खे भाऊ. आई आणि मी त्यांच्या दुकानात गेलो.

"मी लिखी देवाव नही, भूमिका बेटा. त्यासना माल बंद व्हयना ते मन्हं दुकानच बसी जाई."

आई जायला उठली. मामांनी मात्र आमची पाकिटं मागच्या फळीवरून काढली आणि दारासमोरच्या फळीवर, कंपनीच्या डब्यांच्याही पुढे मांडली. मला असा राग आला! सही द्यायची नाही, मग ही शोभा कशाला?

संध्याकाळी आईच्या मोबाइलवर मामांनी एक रेकॉर्डिंग पाठवलं. कंपनीचा माणूस ओरडत होता, "ते पथारी तिखट आधी काढ, नाहीतर उद्यापासून आमचा माल बंद!"

आईने लगेच मामांना फोन लावला. "हेमू, आते तुन्हं दुकान..."

"मी कोठे काय लिखी दिधं, ताई?" मामा म्हणाले. "तोच बोलना."