नऊ इतवार

“हाही दे,” असं म्हणत गुणवंतरावांनी आणखी एक गळ लटारूच्या हातून घेतला आणि पिशवीत टाकला.

लटारू ढिवराच्या अंगणात त्याचा सगळा संसार मांडून ठेवल्यासारखा दिसत होता. टेंभराच्या कच्च्या फळांच्या रसात भिजवून काळी केलेली अंबाडीची दोरी, गावच्या लोहाराने ठोकलेले गळ, वाळवून सरळ केलेल्या वेळूच्या काठ्या. गुणवंतराव एकेक वस्तू उचलत, ओढून पाहत आणि म्हणत, ही समुद्रात चालेल. चांद्याच्या या सागवान ठेकेदाराला कोलंबोच्या एका लाकूड व्यापाऱ्याने पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मद्रासपर्यंत आगगाडी, पुढे बोट आणि मग दोन महिने लंकेच्या किनाऱ्यावर नुसती मासेमारी.

“भाऊ, लंकेतले लोक काय हातानं मासोळ्या धरून राह्यले?” लटारूची बायको सुगंधा तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. जीपला टेकून उभा असलेला ड्रायव्हर बिरजू हसला. गुणवंतराव हसले नाहीत.

कारण सुगंधाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कलकत्त्याहून मागवलेली, दोरी गुंडाळायच्या चाकाची विलायती काठी आणि पोलादी गळांची पेटी त्यांच्या घरी बांधून तयार होती. लटारूचं सामान त्यांना लंकेला न्यायचंच नव्हतं. त्यांना ते लटारूजवळ राहू द्यायचं नव्हतं.

लटारूच्या गावामागे अंधारी नदीचा डोह होता आणि डोहात एक भला मोठा मरळ मासा होता. चार वर्षांपूर्वी त्याने एकदा पाण्यावर डोकं काढलं, गुणवंतरावांकडे पाहिल्यासारखं केलं आणि तो खाली गेला. तेव्हापासून दर इतवारी त्यांची जीप जंगलातली वाट तुडवत इथे येई. दिवसभर ते काठावर बसत. विलायती काठीला काही लागत नसे. पलीकडे लटारू वेळूची काठी टाकी आणि तासाभरात त्याच्या टोपलीत काहीतरी उड्या मारू लागे. गुणवंतरावांच्या पोटात दुखे. संध्याकाळी परतताना बिरजू मागच्या बाकावर गावातल्या कोणाला तरी बसवून घेई. कधी तापाने फणफणलेलं पोर, कधी साप चावलेला माणूस. गुणवंतराव मागे वळून पाहत नसत. त्यांना दिसत ते आपले रिकामे हात आणि चांद्याला वाट पाहत बसलेले, टिंगल करणारे मित्र.

आता दोन महिने ते नसणार, डोह तिथेच राहणार आणि लटारूही. ही कल्पना त्यांना झोपू देत नव्हती.

त्यात लटारूने सकाळपासून एकच घोशा लावला होता. भाऊ, कवा जाणार? कवा येणार? मधे किती इतवार पडतीन? गुणवंतरावांनी सांगितलं, नऊ. लटारूने बोटांच्या पेरांवर नऊ मोजले आणि तो विचारात पडला. गुणवंतरावांना तो हिशोब बरोबर समजला. नऊ इतवार डोह मोकळा.

“सगळ्यात मोठा गळ कुठे आहे?” त्यांनी अचानक विचारलं. “मागल्या होळीला मी पाहिला होता. करंगळीएवढा जाड.”

लटारूने सुगंधाकडे पाहिलं. तिचं सूप थांबलं.

“तो नाई आता,” लटारू म्हणाला.

गुणवंतरावांचा तोल सुटला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही. ते म्हणाले, मी चार वर्षं त्या मरळासाठी उन्हात बसलो आणि तू माझी पाठ फिरायची वाट पाहतोस. गळ लपवून ठेवला आहेस. मी बोटीत बसेन आणि तू त्याला ओढून काढशील.

लटारू मातीकडे पाहत म्हणाला, “तो गळ मरळाच्या जबड्यात हाय, भाऊ. चैतात लागला होता. काठावर आणला, सुगंधा कोयता घेऊन आली, अन् म्या दोरी तोडून देल्ली.”

“काऊन?” ‘का’ऐवजी गुणवंतरावांच्या तोंडून गावचाच शब्द निघाला.

“खाल्ला असता त एका सांजेले संपला असता. मंग तुमी कायले आले असते इथी?”

घराच्या दारात लटारूची पोरगी वच्छला मांडीवर लेकराला घेऊन बसली होती. तिच्याकडे न पाहता तो बोलत राहिला. वैशाखात ती दोन दिवस अडली होती. सुइणीने हात टेकले होते. इतवार होता म्हणून जीप होती, म्हणून ती चांद्याच्या दवाखान्यात पोचली. त्या दिवशी मासेमारी बुडाली म्हणून भाऊ रागावले होते, तेही त्याला आठवत होतं. आता तिची भावजय सोमारी पोटुशी होती आणि दिवस याच दोन महिन्यांत भरणार होते.

गुणवंतरावांनी पिशवी खाली ठेवली. बिरजूला हाक मारून सांगितलं की, मी नसलो तरी दर इतवारी गाडी इथे यायला हवी, सकाळी लवकर, आणि अंधार पडेपर्यंत थांबायला हवी. बिरजूने मान हलवली.

मग ते जीपकडे निघाले. चार पावलं गेले, थांबले आणि परत फिरले. लटारूच्या अगदी जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, “केवढा होता?”

लटारूने दोन्ही हात फाकवले. मग भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात थोडे जवळ आणले.