दोनातलं एक

वनपाल नैतामांनी हातोडा मारला आणि सागाच्या बुंध्यावर कटाईचा शिक्का उमटला. हातभर अंतरावर दुसरा साग होता. त्यालाही शिक्का मारून, दुखरा गुडघा चोळत त्यांनी तिथेच बसकण मारली.

नवी वनरक्षक शीतल वर बघत होती. दोन्ही झाडं काठीसारखी उंच गेलेली, शेंड्याला पानांचा झुबका तेवढा. उजेडासाठी एकमेकांशी भांडण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

“वीस वर्षांमागे या तुकड्यातली झाडं विरळ करायची पाळी आली, तेव्हाच यातलं एक काढलं असतं तर दुसरं केवढं झालं असतं!” ती चिडली. “कोन्या बहाद्दरानं दोन्ही सोडली जी?”



दहा पावलांवर दोन कोवळे साग अंगाला अंग लावून उभे होते. नैताम कसेबसे उठले, हातोडा तिच्या हातात दिला. “यातलं एक काढायला निवड, पोरी.”

ती या झाडाकडून त्या झाडाकडे बघत राहिली. हात काही उचलेना.

“दोन्ही चांगली आहेत, साहेब. राहू द्या ना.”

“हो ना,” नैताम थकल्या आवाजात म्हणाले. “मीही तेव्हा हेच म्हणालो होतो.”