पांढरी मूठ

चाकू जमवणाऱ्यांच्या मंडळाने स्वतःचा खास खिशातला चाकू करून घ्यायचं ठरवलं आणि मुठीच्या रंगावरून जुंपली. चित्रकलेचे मास्तर पांढऱ्यावर अडून बसले.

"अहो, मळेल ना तो!" अध्यक्ष वैतागले.

"मळू दे की." मास्तरांपुढे सगळ्यांनी हात टेकले.

वर्षभराने अध्यक्षांच्या घरी बैठक भरली. सगळ्यांनी डब्यांतून आपापले चाकू काढून मांडले. एकेक कसा कोरा करकरीत. मास्तर मात्र आता नव्हते. त्यांचा चाकू त्यांच्या बायकोने आणला होता. मुठीवर पेन्सिलीची काजळी, डाळिंबाचे डाग.

"खूप घासला हो, पण जातच नाहीत," त्या ओशाळून म्हणाल्या.

अध्यक्षांनी आपला चाकू पहिल्यांदाच उघडला आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अगं, घरात एखादं डाळिंब आहे का?"