न बिघडणारा गिअर

सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बंद असलेला गिअर बसवला की धूळ नाही, चिखल नाही, वाटेत खोळंबा नाही. ग्रुपच्या सायकल राइडमध्ये पुण्याहून सोलापूर वेळेत गाठायचं आणि पहिलंवहिलं मेडल घ्यायचं, असा धम्मदीपचा सरळ हिशोब होता. लोणी काळभोरला त्याच्या बायकोचा, शर्मिलाचा साधा गिअर तुटून चाकात अडकला.

"तुझी सायकल दे ना रे," ती म्हणाली. "तिला काही होतच नाही, असं तूच सगळ्यांना सांगत असतोस."

अख्खा ग्रुप त्याच्याकडे बघत राहिला. त्याने उतरून सायकल तिच्या हातात दिली.

संध्याकाळी सोलापुरात, मोडकी सायकल धरून सामानाच्या टेम्पोतून उतरणाऱ्या धम्मदीपला शर्मिला गळ्यातलं मेडल सावरत म्हणाली, "भारी गिअर आहे रे! तुझ्याही सायकलला असाच बसवून घे."