हिरवी चांदणी

टाइलच्या तुकड्यांचा तक्ता उलटून वेशीला टेकवला आणि रुकैयाला आपली चूक दिसली. सगळ्या निळ्या नक्षीत तिने बसवलेली एक चांदणी चक्क हिरवी होती.

मोरोक्कोतल्या त्या जुन्या शहराची वेस बाहेरून निळी, आतून हिरवी; तिची डागडुजी चालली होती. नक्षी मांडताना तुकड्यांची रंगीत बाजू खाली ठेवायची आणि पाठीवर गिलावा ओतायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाठीकडून सगळे तुकडे सारखेच मातकट. चूक कळते ती तक्ता उलटल्यावरच. "हे काय पोरींचं काम आहे?" असं अख्खा बाजार म्हणत असताना बापाने, उस्ताद इद्रीसने, हट्टाने लेकीला हाताखाली घेतलं होतं. आता बाजार हसणार होता.

"फोडून काढते, बाबा," म्हणत तिने छिन्नी उचलली.

"थांब. आधी वर बघ."

वर, कमानीच्या जुन्या निळाईत, एक हिरवी चांदणी चमकत होती. जन्मापासून रुकैया तिच्याखालून ये-जा करत आली होती, पण ती कधी नजरेत भरली नव्हती.

"कुणाची ती?"

"माझी. कामाचा पहिलाच दिवस होता. तुझ्या आजोबांनी काढूच दिली नाही."

रुकैयाने डोळे बारीक केले. "आणि तिच्या शेजारची दुसरी हिरवी?"

उस्ताद ओशाळला. "तीही माझीच. दुसऱ्या दिवशीची."

मग त्याने छिन्नी काढून घेतली आणि निळ्या तुकड्यांची टोपली तिच्यापुढे सरकवली.

"उद्याचा तक्ताही तूच मांडायचास. पण माझी बरोबरी करायची नाही, सांगून ठेवतो."