चौथ्या कपाटाचा दुसरा खण
जुन्या संगणकातली माहिती नव्यात हलवताना तीन महिन्यांत तिचा पिट्टा पडला होता. कारखान्यातल्या कुठल्या महाभागानं माहितीच्या तक्त्यांना ‘क४ख२’ असली नावं दिली होती, देव जाणे! ज्यांचा अर्थ लागेना असे एकेचाळीस तक्ते तिनं आज वैतागून पुसायच्या यादीत ढकलले. “मामा, ही नावं देणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हो?” तिनं चहा आणणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाला विचारलं. “कपाटं होती, ताई. फाईल ज्या खणात, त्याचंच नाव संगणकात. कपाट चार, खण दोन.” “कपाटं कुठायत?” “भंगारात गेली. चौथं तेवढं तुमच्या पाठीमागे आहे की.” ती वळली. दुसऱ्या खणावर तिनंच चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘चहा-साखर’. तिनं ती नखानं सोलली. खाली पिवळ्या कागदावर लिहिलं होतं: ‘कामावर दगावलेल्यांच्या विधवा’. यादीतली बाकीची चाळीस नावं भंगारात गेलेल्या कपाटांची होती.